उमरेडहून यमुताई

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सिंधूताईंच्या घरातला कूलर बंद व्हायचा. बाहेर नागपूरचा मे महिना, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मानेवाड्यातल्या त्या दोन खोल्यांत रुपराव बनियनवर बसून पेपरच्या घडीनं वारा घेत असायचे. उभा जन्म वीज खात्यात काढलेला माणूस. लोकांच्या घरची बत्ती लावता लावता केस पिकले, आणि आता स्वतःच्या घरचा कूलर लावायची चोरी. पण इलाज नव्हता. कूलरची मोटर फिरली की रेडिओत घर्रघर्र सुरू व्हायची, आणि फर्माईशीच्या कार्यक्रमात घर्रघर्र आलेली त्यांच्या बायकोला खपत नसे.

फर्माईश गाण्यांची असते. गाणं लागायच्या आधी निवेदिका नावं वाचते, कामठीहून अमुक, काटोलहून तमुक आणि त्यांचा मित्रपरिवार. लोक गाण्यासाठी ऐकतात, सिंधूताई नावांसाठी ऐकत. त्यातही एकाच नावासाठी. ‘उमरेडहून यमुताई’ एवढं कानावर पडलं की त्यांचा जीव खाली बसायचा. मग गाणं कुठलंही लागो, त्या उठून चहा ठेवत आणि रुपरावांना कूलर लावायची परवानगी मिळे.

यमुताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. पाच वर्षांत दोघी एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

त्या मंगळवारी नाव आलं नाही. गेल्या आठवड्यातही दोन्ही वारी आलं नव्हतं. तेव्हा सिंधूताईंनी स्वतःची समजूत घातली होती, की लग्नसराई आहे, कोणाकडे गेली असेल. आज समजूत घालायला काही उरलं नव्हतं. शेवटचं गाणं संपलं, जाहिरात लागली, तरी त्या रेडिओला कान लावून बसल्या होत्या.

“नाही आलं?” रुपरावांनी विचारलं.

“नाही.”

“अवं, विसरली असन. माणूस हाये.”

“तुमी विसरान. ताई नाही विसरत.”

“मंग फोन लाव ना तिले.”

“मी काहून लावू? फोन तिनं ठेवला होता.”

“पाच वर्षं झाले त्याले!”

“मंग? ठेवला तो ठेवलाच ना.”

रुपरावांनी उठून कूलर लावला आणि त्याच्यापुढे छाती उघडी करून उभे राहिले.

हे भांडण कशावरून झालं हे कोणी ऐकलं तर हसेल. बापाची सहा एकर जमीन दोघी बहिणींत वाटली गेली तेव्हा चकार शब्द झाला नाही. भांडण झालं ते या रेडिओवरून. लाकडी पेटीचा, चामडी कव्हरचा, चार मोठ्या सेलवर चालणारा हा ट्रान्झिस्टर त्यांच्या बापानं, बळीरामनं, कापूस विकून आणलेला. गावात तेव्हा दुसरा रेडिओ नव्हता. संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला की बळीराम एक बोट वर करायचा. ते बोट वर गेलं की घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही. कापसाचे भाव, संत्र्याचे भाव, मग हवामान. बोट खाली आलं की पोरींनी बोलायला हरकत नव्हती.

सिंधूताईंना रेडिओचा नाद लागला तो त्या बोटाखाली. आणि नाद म्हणजे कसा, तर गाण्यांपेक्षा त्यांना रेडिओची इकडची तिकडची खुडबुडच जास्त प्यारी. बटण फिरवल्यावरचा ‘टक’. सकाळी स्टेशन उघडायच्या आधीची ती नुसती हवा, आणि मग हळूच सुरू होणारी धून. दोन स्टेशनांच्या मधली शिट्टी. बातम्या वाचणारा पान उलटतो तेव्हाची सळसळ. कोणी निवेदक खोकला दाबतो, आणि आपल्याला घरबसल्या कळतं की बिचाऱ्याला सर्दी झाली आहे. दूर कुठे वीज चमकली की आभाळ गडगडायच्या आधी रेडिओत कडकडायची, तेही त्यांना आवडे. “गाणं सोडून बाकी सगळं आवडते हिले,” असं रुपराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

काटा फिरवणारी दोरी एकदा तुटली तेव्हा बळीराम उमरेडच्या एका विणकराकडून रेशमाचं सूत घेऊन आला होता. लाल रंगाचं. तेच अजून आत होतं. आणि सेल उतरले की नवे लगेच यायचे नाहीत. जुनेच काढून उन्हात ठेवायचे. तापले की दोन दिवस पुन्हा चालायचे. विहिरीच्या काठावर सेल मांडणं हे सिंधूचं काम, आणि राखण थोरल्या यमूची. यमू खाटेवर बसून हुकूम सोडायची, “परतव वं! एका बाजूनं तापून राहिले.” पापड परतवावेत तसे सिंधू सेल परतवायची.

म्हातारपणी बळीराम यमुताईकडे उमरेडला राहिला. शेवटची सहा-सात वर्षं तिनंच त्याचं केलं. तो गेला, तेरवी झाली, शेवटची पंगत उठत होती, यमुताई वाढण्यात गुंतली होती, आणि सिंधूताईंनी भिंतीतल्या देवळीतला रेडिओ उचलून पिशवीत घातला आणि बस धरली. त्यांच्या मते त्यात चोरी नव्हती. लहानपणी बाबा म्हणायचा ना, रेडिओ सिंधूचा. संध्याकाळी यमुताईचा फोन आला. ती ओरडली नाही. “तू रेडिओ नाही नेला,” ती म्हणाली. “माह्या घरातला बाबा नेला.” आणि फोन ठेवून दिला.

मग दोघींचा अबोला. पण दोघीही रेडिओवाल्या. यमुताई कार्यक्रमात थेट फोन लावायची. तिचा फोन लागला की आधी एक कर्कश शिट्टी यायची, कारण मागाहून घेतलेला नवा रेडिओ ती कधी बारीक करायची नाही. निवेदिका विनवायची, “ताई, आधी रेडिओचा आवाज कमी करा,” आणि यमुताई म्हणायची, “कमी केला तर मले ऐकू कसं येईन?” इकडे मानेवाड्यात सिंधूताई तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांनीही मग आपलं नाव सुरू केलं. फोनवर बोलायला त्या लाजत, म्हणून रुपराव मेसेज टाकत, ‘नागपूरहून सिंधूताई’. उमरेडला ते ऐकू जातं हे त्यांना ठाऊक होतं. असं ते चाललं होतं. तू आहेस, मी आहे, ठीक आहे. याहून जास्त बोलायची दोघींची तयारी नव्हती.

गेल्या दिवाळीपासून यमुताईचे फोन बंद झाले आणि तिचंही नुसतं नाव यायला लागलं. शिकली वाटते मोबाईल, असं सिंधूताई तेव्हा म्हणाल्या होत्या. आता तेच वाक्य त्यांना रात्रंदिवस टोचू लागलं. ताईला कुठलं आलं मोबाईलवर लिहिता? तिला तर लाल बटण कोणतं आणि हिरवं कोणतं हेही विचारावं लागायचं.

बुधवारी त्यांनी वरणात दोनदा मीठ घातलं. रुपरावांनी पाण्याबरोबर भात गिळला. दुपारी त्या खाटेवरून उठल्या, दार उघडलं, बाहेर कोणी नाही, दार लावलं, परत पडल्या, परत उठल्या. रेडिओ लावला, बंद केला. पुन्हा लावून काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, जणू उमरेड कुठेतरी दोन स्टेशनांच्या मध्ये सापडणार होतं. गुरुवारी सकाळी भुईमुगाच्या शेंगा सोलताना दाणे कचऱ्यात आणि टरफलं पातेल्यात गेली.

“फोन लाव नाहीतर जाऊन ये,” रुपराव शेवटी म्हणाले. “पण एका जागी बस. मले चक्कर येऊन राहिली तुह्याकडे पाहून.”

“जाऊन काय सांगू? नाव नाही आलं म्हणून आली? हसन ती मले.”

“हसली तर हसली. हसली म्हणजे बरी हाये ना?”

नवऱ्याच्या तोंडून इतकं शहाणपणाचं वाक्य बाहेर पडण्याची सिंधूताईंना सवय नव्हती. पण मग एक दुसरी वाट दिसली. रेडिओ परत द्यायचं निमित्त! रेडिओ द्यायला आले, ठेवते, निघते. काळजी वाटली म्हणून आले हे सांगायची गरजच नाही. शिवाय रेडिओ द्यायलाही आपण तयार झालो, यावरून त्यांचं त्यांनाच कळलं की जाणं खरंच गरजेचं आहे.

शुक्रवारी सकाळी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, रेडिओ जुन्या लुगड्यात बांधून त्या दिघोरी नाक्यावर एसटीत चढल्या. रुपरावांनी पिशवीत एक कांदा टाकला, ऊन लागू नये म्हणून. यायला ते तयार होते, पण सिंधूताईंनी नको म्हटलं. भांडण आपलं, आपणच जायचं.

बस खच्चून भरलेली. रेडिओ मांडीवर. कंडक्टर म्हणाला, “मावशी, सामान खाली ठेवा ना,” तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे सरकला. दर थांब्यावर त्यांना वाटे की उतरावं आणि उलट दिशेची बस धरावी. आणि बस थांबून राहिली की वाटे, हा ड्रायव्हर झोपला की काय? मनात दोन यमुताया भांडत होत्या. एक दारात उभी राहून म्हणत होती, ‘आली का? पाच वर्षं लागले व्हय तुले?’ दुसरीचा फोटो भिंतीवर होता आणि त्याला हार होता. दुसरी दिसली की सिंधूताई पहिलीला धरून बसत. बोल बाई, हवं ते बोल.

उमरेडच्या घराचं दार उघडंच होतं. अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या. इतक्या चादरी कशाला, असं सिंधूताईंच्या मनात आलं, तेवढ्यात यमुताईची सून वंदना हात पुसत बाहेर आली. मावससासूला पाहून ती जागीच थबकली.

“मावशी? तुमी?”

“रेडिओ द्याले आली,” सिंधूताईंनी घोकलेलं वाक्य म्हटलं. “ताई कुठी हाये?”

वंदना बाजूला झाली.

आतल्या खोलीत खिडकीजवळ खाट होती आणि खाटेवर यमुताई टेकून बसवलेली होती. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळलेली. उजवा हात मांडीवर कोणी ठेवून दिल्यासारखा. डोळे मात्र तेच, हुकूम सोडणारे. ते सिंधूताईंवर येऊन थांबले. तोंड हललं आणि त्यातून एक घोगरा आवाज निघाला, ज्यात शब्द नव्हता.

सिंधूताई दारातच खाली बसल्या. पिशवी छातीशी धरून.

“दिवाळीच्या आधी लकवा मारला,” वंदना सांगत होती. “बोलणं गेलं. उजवं अंग गेलं. समजते सगळं.”

“आणि नाव? नाव तर येत होतं ना रेडिओवर!”

“ते गुंजन धाडत होती. माही पोरगी. मंगळवार-शुक्रवार आला की आई बंद पडलेल्या रेडिओकडे हात करून करून जीव खात. पोरीले समजलं. ती आपल्या मोबाईलवर रेडिओ लावून द्याची आणि आईचं नावही धाडून द्याची. आपलं नाव आलं की आई मान हलवत. पण तुमचं नाव येईपर्यंत जेवत नव्हत्या.” वंदनानं सासूच्या पाठीमागची उशी सरळ केली. “आता पोरगी नर्सिंगले गेली, नागपूरलेच, होस्टेलवर. मोबाईल तिच्यासंगं गेला, आणि होस्टेलवर तो दिवसा जमा करून घेतेत. माह्याजवळ हा साधा फोन, त्याच्यावर रेडिओ नाही लागत. नाव गेलं नाही, आणि तुमचं ऐकूही आलं नाही. दहा-बारा दिस झाले, आई नीट जेवून नाही राहिल्या.”

“मले कोणी काहून नाही सांगतलं?”

वंदनानं खाली पाहिलं. “यायनं, तुमच्या भाच्यानं म्हटलं, नातं ठेवाचं असतं तर मावशी आल्या असत्या.”

हे ऐकून सिंधूताईंना कोणाचा राग यावा? राग आला तो ‘उमरेडहून यमुताई’ या दोन शब्दांचा, ज्यांच्यावर त्या सहा-सात महिने निवांत चहा पीत होत्या. बहीण इथे आडवी पडली होती आणि आपण नाव ऐकून कूलर लावत होतो. त्यांना हुंदका आला आणि तो त्यांनी दाबला नाही. हमसून हमसून रडल्या. यमुताई खाटेवरून पाहत होती. मग तिनं डावा हात उचलून खाटेच्या कडेवर दोनदा थापटलं. इथे ये, असं.

सिंधूताई जवळ जाऊन बसल्या. त्यांनी लुगड्याची गाठ सोडली. रेडिओ बाहेर आला. यमुताईचा डावा हात चामडी कव्हरवरून फिरला, जाळीवरून फिरला आणि बटणावर येऊन थांबला. ‘टक’ झालं. पुढे काहीच नाही.

“हाय रे देवा,” सिंधूताईंनी कपाळावर हात मारला. मानेवाड्यात हा रेडिओ विजेवर चालायचा, आणि ती वायर घाईघाईत तिथेच राहिली होती. आत सेल नव्हतेच. कार्यक्रम लागायला फार वेळ नव्हता. अशा उन्हात दुकान उघडं कुठलं? वंदनानं घर उलथंपालथं केलं आणि शेवटी गुंजनच्या जुन्या टॉर्चमधले आणि कपाटामागचे धरून चार सेल निघाले. घातले तर रेडिओ नुसता पुटपुटला आणि मेला.

सिंधूताईंनी सेल काढले. बाहेर गेल्या आणि ओट्याच्या कडेवर, भर उन्हात, ते ओळीनं मांडले. मग तिथेच उकिडव्या बसल्या. दुपट्टा आत राहिला होता, डोकं भाजत होतं, पण आत जायला पाय उचलत नव्हते. घड्याळाकडे, सेलकडे, परत घड्याळाकडे. उघड्या दारातून खाट दिसत होती.

आतून तो घोगरा आवाज आला. सिंधूताईंनी वळून पाहिलं. यमुताई डावा हात पुढे करून तळवा उलटा-सुलटा करत होती. पुन्हा पुन्हा, चिडून.

“काय पाहिजे आईले? पाणी?” वंदनानं विचारलं.

“पाणी नाही,” सिंधूताई म्हणाल्या. “परतवाले सांगून राहिली.”

आणि त्यांनी सेल परतवले.

कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळेला सेल हाताला चटके देण्याइतके तापले होते. पदरात धरून त्यांनी ते आत आणले, रेडिओत बसवले. ‘टक’. आधी खरखर, मग शिट्टी, मग लाल सुतावरचा काटा हळूहळू सरकला आणि निवेदिकेचा आवाज खोलीत आला, जरा बसका, पण स्वच्छ. यमुताईनं डोळे मिटले. बळीराम गेल्यापासून त्या घरात हा रेडिओ वाजला नव्हता.

निवेदिकेनं फोनचा क्रमांक सांगितला. सिंधूताईंनी कधी आयुष्यात तिथे फोन लावला नव्हता. आज वंदनाच्या फोनवरून लावला. व्यस्त. परत लावला, व्यस्त. एक गाणं संपलं, दुसरं संपलं. त्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या, बोट बटणावरून हलत नव्हतं. कामठी लागली, भंडारा लागलं, साऱ्या विदर्भाला आजच फोन करायचा होता. रेडिओचा आवाज मधूनच खोल जायचा आणि सिंधूताई वळून त्याच्याकडे पाहायच्या. सेल थंड व्हायच्या आत लागू दे, एवढंच त्या म्हणत होत्या.

आणि फोन उचलला गेला.

“नमस्कार, कोण बोलतंय?”

सिंधूताईंनी तोंड उघडलं आणि त्यांचाच आवाज रेडिओतून त्यांच्यावर आला, पाठोपाठ ती कर्कश शिट्टी. वंदनानं कानांवर हात ठेवले.

“ताई, आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा.”

नियम सिंधूताईंना पाठ होता. त्यांनी रेडिओकडे हात केला. पण बटणावर आधीच यमुताईचा डावा हात होता. तिनं बहिणीकडे पाहिलं, चेहऱ्याची चांगली बाजू वर गेली, आणि तिनं बटण फिरवलं. मोठं केलं.

शिट्टी घरभर झाली, अंगणात गेली.

“ताई! रेडिओ कमी करा हो, नाहीतर फोन ठेवावा लागेल.”

“ठेवू नको वं, माय!” सिंधूताई ओरडल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या हे वंदनाला कळेना. “मी काय करू? रेडिओ माह्या हातात नाही. माह्या बहिणीच्या हातात हाये, आणि ती कधीच कमी करत नाही. तू नाव घे. उमरेडहून यमुताई. आणि उमरेडहूनच सिंधूताई.”

क्षणभर नुसती शिट्टी. मग निवेदिका हसली, आणि तिनं तशा गोंगाटात दोन्ही नावं घेतली, एकामागोमाग एक.

“आणि गाणं कोणतं लावू, ताई?”

सिंधूताईंनी गाण्याचा विचारच केला नव्हता.

“लाव कोणतंही,” त्या म्हणाल्या आणि खाटेवर बहिणीला टेकून बसल्या. “वंदना, ताट घेऊन ये. ताई जेवते आता.”